मोठ्या डॉक्टरांचा जबडा

मंगळवारी सकाळी सव्वादहाच्या सुमाराला मावशीच्या उजव्या अंगठ्यानं एका माणसाला ओळखलं. डोळ्यांनी नाही, कारण चष्मा अजून कपाळावरच होता. आणि मनानं तर नाहीच, कारण मन सकाळी उतू गेलेल्या दुधाच्या पातेल्यात अडकलं होतं. खोक्यातून आलेला प्लास्टरचा वरचा जबडा तिनं डाव्या तळहातावर उताणा घेतला, रोजच्या सवयीनं टाळूवरून अंगठा फिरवला, आणि अंगठा मध्येच अडखळला. टाळूच्या मधोमध वाटाण्याएवढा हाडाचा उंचवटा. त्याच्या डाव्या अंगाला तीन वळ्या, उजव्या अंगाला चार, आणि चौथी वळी अर्ध्यावर मोडून खाली उतरलेली. कवळ्या बनवण्याच्या कामात तिची पस्तीस वर्षं गेली होती. चेहरे ती विसरायची, नणंदेच्या जावेला हमखास दुसऱ्याच कुणाच्या नावानं हाक मारायची, पण एकदा हाताखालून गेलेली टाळू तिला कधी चकवत नसे. तिनं चष्मा खाली ओढला. सोबतच्या चिठ्ठीवर नाव नव्हतं. दवाखाना नुसता नंबर पाठवतो. वय एकाहत्तर, वरची आणि खालची पूर्ण कवळी, दातांचा रंग अमुक, आणि तळाशी दोन रेघा मारून सूचना: 'माप दिले आहे त्याप्रमाणेच बसवावे.' म्हणजे तिच्या जुन्या रुग्णालयातल्या मोठ्या डॉक्टरांच्या तोंडात आता एकही दात उरला नव्हता. वर एक नाही, खाली एक नाही. मावशीनं जबडा खिडकीच्या उजेडात धरला, सगळीकडून फिरवून पाहिला, आणि तिला हसू फुटलं. साधंसुधं नाही, पोटातून आलेलं, खांदे हलवणारं, डोळ्यांत पाणी आणणारं हसू.

"काय मावशी, सकाळी सकाळी दात काढताय?" पलीकडच्या टेबलावरून मालकीण म्हणाली. कवळ्यांच्या या छोट्या लॅबची मालकीण मावशीहून पंचवीस वर्षांनी लहान. कानाला कायम फोन आणि बोटांना कायम मेण.

"काढत नाही गं, बसवायचेत," मावशी म्हणाली आणि पुन्हा हसत सुटली.

कारण चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. तिनं यासाठी प्रार्थना केली होती. बायबलातल्या स्तोत्रांमध्ये एक फार संतापलेलं स्तोत्र आहे. त्यात गाणारा देवाला सरळच सांगतो की या दुष्टांचे दात त्यांच्या तोंडातल्या तोंडात पाडून टाक. चर्चच्या मंडळीत ते सहसा कुणी वाचत नाही. पाळकसाहेबसुद्धा डबकं ओलांडावं तसे ते ओलांडून पुढच्या स्तोत्रावर जातात. पण सोळा वर्षांपूर्वी, ज्या महिन्यात तिला मोठ्या रुग्णालयातून काढून टाकलं त्या महिन्यात, मावशीला ते सापडलं. जन्मभर दातांत हात घातलेल्या बाईला असं स्तोत्र सापडणं म्हणजे आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन. पहिलं वर्षभर ती रोज संध्याकाळी जेवणाआधी ते मोठ्यानं वाचायची, आणि दातांच्या ओळीपाशी आली की आवाज चढवायची. नवरा बसचा ड्रायव्हर. बोलायचा कमी, पण बोलला की नेमकं बोलायचा. एकदा पानावर बसता बसता म्हणाला, "अगं, जरा जपून माग. देवानं ऐकलं आणि त्याचे दात खरंच पाडले, तर नवे करायला तुझ्याकडेच पाठवेल तो." त्यावर ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नव्हती. आणि आता खोकं आलं होतं. पत्ता बरोबर, माल बरोबर. फक्त पाठवणाऱ्याला यातून नक्की काय म्हणायचं होतं ते खोक्यावर कुठे लिहिलेलं नव्हतं.

तसं पाहिलं तर झालेला अन्याय काही वर्तमानपत्रात छापून येण्याएवढा नव्हता. गाण्याच्या एका निवृत्त शिक्षिकेची कवळी होती. दोन जबडे एकमेकांवर कसे मिटतात, याचं माप डॉक्टरांनी रुग्णाच्या तोंडात मेणाचे पट्टे ठेवून घ्यायचं, आणि कारागिरानं त्या मापावर दात लावायचे, अशी या कामाची वाटणी आहे. त्या दिवशी मेण आलं ते मधोमध सांधलेलं. सांधा मावशीला दिसला. तिनं फोन करून विचारलंही, "डॉक्टर, हे तुटलं होतं का?" पलीकडे माणसांचा गलका आणि मोठ्या डॉक्टरांचा भरदार आवाज: "दिलंय तसं बसवा, बाई." बाईंनी बसवलं. शिक्षिकेचं तोंड तीन महिने सोलवटून निघालं, गाणं बंद झालं, मुलानं तक्रार केली, चौकशी समिती बसली. समितीसमोर मोठे डॉक्टर उभे राहिले, टायची गाठ नीट केली, आणि शांतपणे म्हणाले की मेण कारागिरांच्या खोलीत तुटलं, कारागिरानं मापात हात घालायचा नसतो तरी बाईंनी ते अंदाजानं जोडलं आणि वेळ मारून नेली. टेबलाभोवती पाच माणसं होती. पाचही जणांनी त्याच क्षणी आपापल्या कागदात डोकं घातलं. डॉक्टरांपुढे कारागिराचं ऐकणार कोण? पुढच्या सोमवारी सूचनाफलकावर पत्र लागलं. त्यात 'हलगर्जीपणा' असा शब्द होता, पण मावशीच्या लक्षात राहिल्या त्या टाचण्या. एवढ्याशा कागदाला चार कोपऱ्यांत चार टाचण्या. कुणीतरी ते पडू नये म्हणून काळजी घेतली होती.

त्याहून वाईट म्हणजे दोघं एकाच मंडळीतली. मोठे डॉक्टर गायकवृंदात खालच्या पट्टीत गायचे, खांबाएवढा आवाज. पत्र लागल्यानंतरच्याच रविवारी, उपासनेत सगळे एकमेकांना हात देऊन शांती चिंततात त्या वेळी, त्यांनी दोन ओळी ओलांडून तिच्यापुढे हात केला. "शांती असो, बाई." तो हात स्वच्छ होता, नखं कापलेली होती. मावशीनं त्या हाताकडे पाहिलं, मग जमिनीकडे पाहिलं, आणि पुढच्या रविवारपासून ती सगळ्यात मागच्या बाकावर बसायला लागली. पाळकसाहेब घरी आले, चहा प्याले, म्हणाले, "मावशी, सोडून द्या. क्षमा करा आणि विसरून जा." "मागितलीय कुणी?" ती म्हणाली. "न मागितलेली वस्तू कुठे नेऊन ठेवू?" "समजा की काही झालंच नाही," पाळकसाहेब मऊ आवाजात म्हणाले. हे वाक्य मात्र तिला त्या पत्राहून जास्त झोंबलं. काही झालंच नाही? मग क्रूस कशाला लागला? काही झालंच नसतं, तर देवानं वरूनच 'राहू दे, राहू दे' म्हटलं असतं आणि सगळे सुखानं घरी गेले असते. क्षमा करायची तर आधी झालेल्याला झालं म्हणावं लागतं, एवढं तिला कळत होतं. पाळकशाळेत न जाताही कळत होतं. पण 'झालं' म्हणणारं कुणी पुढे आलं नाही, आणि सोळा वर्षं गेली. मोठ्या डॉक्टरांवर तिचा दात होता, आणि तो तिच्या तोंडातल्या कुठल्याही दातापेक्षा घट्ट होता.

दुपारी तिनं दोन्ही जबडे बिजागरीच्या लोखंडी चौकटीत बसवले, मधे दवाखान्यातून आलेले मेणाचे पट्टे ठेवले, चौकट मिटली आणि मान तिरकी करून पाहत राहिली. काहीतरी खटकत होतं. खालचा जबडा पुढे आला होता. भांडणाला निघालेल्या माणसासारखा. मोठ्या डॉक्टरांचा खालचा जबडा असा नव्हताच कधी. तिला माहीत होतं, कारण याच जबड्याचा साचा तिनं पंचवीस वर्षांपूर्वी स्वतःच्या हातानं घेतला होता. नवीन विद्यार्थ्यांना दाखवायला नमुना हवा होता, आणि मोठे डॉक्टर, तेव्हा ते इतके मोठे नव्हते, खुर्चीत बसून म्हणाले होते, "घ्या बाई, माझ्याच तोंडाचं घ्या. आयतं गिऱ्हाईक." गुलाबी लगदा घशाकडे गेला, त्यांना ढास लागली, डोळ्यांतून पाणी आलं, आणि तरी तोंडात लगद्याचा तो लोखंडी चमचा धरून त्यांनी खर्जातला एक सूर लावून दाखवला. सगळी खोली हसली होती. सगळ्यात जास्त ती. हे आपण कसं विसरलो, असं तिला वाटलं, आणि मग कळलं की विसरलो नव्हतो, नुसतं उलटं करून ठेवलं होतं. त्या नमुन्यात खालचे दात वरच्यांच्या चांगले मागे होते. दात गेले की माणसं जबडा पुढे काढून चावायला शिकतात. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरला घाईत ते कळलं नसणार. माप चुकलं होतं. आणि हे जगात फक्त मावशीला ठाऊक होतं.

तिनं चौकट उघडली, मिटली, पुन्हा उघडली. मग तिच्या मनात जे आलं ते इतकं गोड होतं की तिनं आजूबाजूला पाहून घेतलं. काही करायचंच नाही! चिठ्ठीत लिहिलंय तसं करायचं. दिलेल्या मापावर, एक केस इकडे नाही की तिकडे नाही, सुबक दात लावायचे. कवळी देखणी होईल आणि तोंड सोलवटून काढील. दर घासाला टोचेल. बरोब्बर त्या शिक्षिकेला टोचली तशीच. आणि दोष कुणाचा? कुणाचाच नाही. कारागिरानं मापात हात घालायचा नसतो, हा नियम समितीसमोर ज्यांनी सांगितला त्यांचाच जबडा, त्यांचाच नियम. तिला बोटसुद्धा उचलायला नको. इतका नीटनेटका न्याय मावशीनं आयुष्यात पाहिला नव्हता. बुधवार, गुरुवार, शुक्रवार ती गुणगुणत कामावर आली. समोरचे दात तिनं मेणात असे लावले की मालकीण फोन बाजूला ठेवून म्हणाली, "मावशी, हे तर फोटो काढून ठेवण्यासारखं झालंय." घरी नवरा तिच्याकडे दोन दिवस तिरका पाहत होता, तिसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, "काय गं, लॉटरी लागली का?" तिनं सगळं सांगितलं. सांगताना हातवारे केले, डॉक्टरांची टायची गाठ करून दाखवली. तो ऐकत राहिला.

"मग? चुकीचे बसवणार?"

"चुकीचे नाही हो. दिलेत तसे."

"हं," तो म्हणाला, आणि चष्मा पुसायला लागला. त्याच्या एका 'हं'मध्ये पाळकसाहेबांची तीन प्रवचनं मावायची, आणि वर जागा उरायची. त्या 'हं'चा तिला इतका राग आला की रविवारी सकाळी ती मुद्दाम लवकर निघाली. स्वतःच्या डोळ्यांनी बघायला.

मागच्या बाकावरून मोठ्या डॉक्टरांचा डावा गाल दिसत होता. गाल कसला, खड्डा होता तो. गायकवृंदात ते नव्हते; तिसऱ्या ओळीत कडेला बसले होते आणि कुणी बोलायला आलं की तोंडापुढे हात धरून मान हलवत होते. गाणं सुरू झालं तेव्हा त्यांनी पुस्तक उघडलं, पण ओठ मिटलेले. मावशी आनंदाची वाट पाहत बसली. येईलच आता, असं तिला वाटत होतं. ताप उतरायची वाट पाहावी तशी ती पाहत होती. प्रभुभोजनाची वेळ झाली. भाकरीचा तुकडा सगळ्यांनी तोंडात टाकला आणि सगळ्यांचा खाऊन झाला. मोठ्या डॉक्टरांचा झाला नाही. डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून, तो एवढासा तुकडा तोंडात विरघळायची वाट पाहत ते बसून राहिले. लोक उठले, गाणं सुरू झालं, दोन कडवी झाली, आणि त्यांचा गाल अजून सावकाश हलत होता. आणि आनंदाच्या जागी मावशीच्या मनात काय यावं? 'गालाला आधार हवा. वरचे पुढचे दात दीड मिलिमीटर बाहेर घ्यावे लागतील.' ती बाकावर ताठ झाली. हे कोण बोललं? मांडीवरची बोटं आपोआप हलत होती, हवेत मेण दाबत होती. 'हे बरोबर नाही,' ती मनात देवाला म्हणाली. 'माझ्याशी सरळ वाद घालायचा सोडून तू माझे हात फितवलेस.' देव काही बोलला नाही. तो अशा वेळी बोलत नाही, हे तिला माहीत होतं. तो आपला चष्मा पुसत बसतो.

पण मग गंमत अशी झाली की तिला हलकं वाटायला लागलं. हात फितले, फितू देत. त्यांचं काम घास नीट चावता येईल असे दात करायचं. वैऱ्याचा घास असला म्हणून काय झालं. त्यासाठी 'काही झालंच नाही' असं कुठे म्हणावं लागत होतं? जीभ तर अजून तिचीच होती. जे झालं ते झालंच होतं, आणि ते तसं म्हणायला तिला कुणी बंदी केली नव्हती. सोळा वर्षं तिला वाटत होतं की क्षमा केली तर खरं बुडेल, आणि खरं धरून ठेवायचं तर क्षमा करता येणार नाही. दोघांपैकी एकालाच घरात घेता येईल, जागा लहान. आता दोघंही दारात एकदमच उभी होती आणि जागा पुरेल असं दिसत होतं. शिक्षा काय, कधी, किती, हे खातं ज्याचं त्याच्याकडे राहू दे. तिच्याकडे दोन कामं होती: दात करणं आणि खरं बोलणं. घरी जाताना तिनं मागाहून आलेल्या नवऱ्याचा हात धरला. एवढ्या वर्षांत तिनं भर रस्त्यात त्याचा हात धरला नव्हता, म्हणून त्यानं आधी बरं नाही का असं विचारलं.

सोमवारी तिनं मालकिणीला चौकट दाखवली. "माप चुकलंय. पेशंटला इथे बोलवावं लागेल. मी घेते पुन्हा."

"अहो, पण चिठ्ठीत तर ठणकावून लिहिलंय."

"लिहू दे. एकदा ऐकलं होतं मी असल्या हुकमाचं."

बुधवारी दुपारी ते आले. मागच्या लहान खोलीत, सिंकशेजारच्या खुर्चीपाशी, त्यांनी मावशीला पाहिलं आणि दाराच्या चौकटीतच थबकले. हात तोंडाकडे गेला. "बाई... तुम्ही?"

"या डॉक्टर, बसा. खुर्ची करकरते, तिचं मनावर घेऊ नका."

ते बसले. तिनं मेणाचे नवे पट्टे गरम करून त्यांच्या तोंडात ठेवले. "जीभ मागे टाळूला लावा, गिळा, आणि सावकाश मिटा." ते मिटले, जबडा पुढे आला. पुन्हा केलं, जबडा डावीकडे गेला. तिसऱ्यांदा तिसरीचकडे. तिच्या बोटांखाली त्यांची हनुवटी थरथरत होती. पस्तीस वर्षांत ती एक गोष्ट शिकली होती, ती कुठल्या पुस्तकात नीट सापडत नाही: घाबरलेला जबडा खरं माप देत नाही. माणूस आत कुठेतरी आवळलेला असला की जबडा पुढे पळतो, बाजूला लपतो, पण आपल्या जागी येत नाही. अशा वेळी ती माणसांना बोलतं करायची. नातवंडं, गुडघे, शेजारी, काहीही. इथे काय विचारणार? दोघांच्या मधे एकच विषय होता, आणि तो दारात आडव्या पडलेल्या कपाटासारखा होता. उचलल्याशिवाय कुणाला कुठेच जाता येणार नव्हतं. तिनं मेण बाहेर काढलं, हात धुतले, पुसले, आणि स्टूल ओढून त्यांच्या समोर बसली.

"डॉक्टर, त्या वेळचं मेण तुमच्या हातून तुटलं होतं."

त्यांचा हात पुन्हा तोंडाकडे गेला.

"हात खाली घ्या. मी कवळ्या करते. असली तोंडं मी रोज बघते."

हात खाली आला. "हो," ते म्हणाले. दात नसलेल्या तोंडातून बाकीचे शब्द घरंगळत येतात, पण 'हो' स्वच्छ येतो. त्याला दात लागत नाहीत. "त्या दिवशी माझा सत्कार होता. घाई होती. तुटलं, मीच जोडलं. आणि मग समितीत... निघून गेलं तोंडातून. मग परत घेता आलं नाही."

"आलं असतं. घेतलं नाहीत."

"हो. घेतलं नाही. तुम्ही मागच्या बाकावर गेलात. दर रविवारी माझ्या पाठीला कळायचं ते."

या क्षणासाठी मावशीनं सोळा वर्षं भाषण तयार केलं होतं. आंघोळ करताना, बसथांब्यावर, प्लास्टर घोटताना. त्यात मुद्दे होते, म्हणी होत्या, एक दोन शाप होते. आता आठवेना. "मला फार राग आला होता," ती म्हणाली. "चार टाचण्या मारून लावलं होतं ते पत्र. अजूनही आहे थोडा राग. तुमचे दात पडावेत म्हणून मी वर्षभर प्रार्थना केलीय, डॉक्टर. रोज. जेवणाआधी."

त्यांनी डोळे मोठे करून तिच्याकडे पाहिलं. मग त्यांचे गाल हलायला लागले, खांदे हलायला लागले, आणि त्या रिकाम्या, गुलाबी, तान्ह्या बाळासारख्या तोंडातून हसू बाहेर आलं. "ऐकली म्हणायची," ते म्हणाले.

"सगळीच्या सगळी," मावशी म्हणाली, आणि तीही सुटली. मालकीण दारातून डोकावून गेली. दोन म्हातारी माणसं एकमेकांसमोर बसून गुडघ्यांवर हात आपटत हसताहेत, यात आपण काय विचारायचं ते तिला कळलं नाही.

हसणं ओसरल्यावर मोठ्या डॉक्टरांनी डोळे पुसले. पण ते ओले होतच राहिले. "मला क्षमा करा, बाई."

"केली. आत्ता केली की त्या रविवारी, ते नक्की सांगता येत नाही, पण केली." आपला आवाज इतका साधा निघाला याचं तिलाच नवल वाटलं. "पण ऐका. क्षमा केली म्हणजे काही झालं नाही असं नव्हे. चारचौघांत बोललेलं चारचौघांतच परत घ्यावं लागतं. त्या समितीतले तिघं अजून आपल्या मंडळीत बसतात."

"या तोंडानं बोलू?"

"या नको. नव्या तोंडानं." मग तिला वाटलं की हे सौद्यासारखं झालं, आणि सौदा तिला नको होता. "आणि हेही सांगते. तुम्ही बोललात तरी कवळी हीच, नाही बोललात तरी हीच. केसाचा फरक करणार नाही मी. बोलायचं की नाही ते तुमचं तुम्ही आणि वरचा बघून घ्या. घाबरू नका. आता जीभ मागे. गिळा. मिटा."

जबडा मागे गेला. सावकाश, जुन्या घरात शिरावा तसा, आपल्या जागी जाऊन बसला. तिनं पुन्हा मिटायला सांगितलं, तिथेच. पुन्हा, तिथेच. मावशीला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण हातात गरम मेण होतं.

पुढचे आठ दिवस तिनं काम केलं ते नव्या नवरीच्या उत्साहानं. सगळे दात काढून नव्या मापावर पुन्हा लावले. पुढचे दीड मिलिमीटर बाहेर. हिरड्यांना तिनं बारीक बारीक फिकट छटा दिल्या, एका दाताला वयाला शोभेल असा किंचित तिरकस कल दिला. एकाहत्तर वर्षांच्या माणसाला सिनेमातल्या नटाची बत्तिशी देऊन कसं चालेल? ती गुणगुणत होती, आणि या वेळच्या गुणगुणण्यात आजूबाजूला पाहून घ्यावं असं काही नव्हतं. शुक्रवारी कवळी दवाखान्यात गेली; तोंडात बसवायची ती तिथेच. मावशीला कळायला मार्ग नव्हता. फोन आला नाही, तक्रार आली नाही. शनिवारी ती दोनदा चुकून मिठाऐवजी साखरेच्या डब्यात हात घालायला गेली. कवळी बसली का? आणि ते बोलतील का? नाही बोलले तरी केलेली क्षमा काही मागे घ्यायची नव्हती, हे तिनं स्वतःला बजावून ठेवलं होतं. पण बोलावेत असं तिला फार वाटत होतं. त्या चार टाचण्या निघाव्यात असं अगदी मनापासून वाटत होतं, आणि ते वाटणं काही पाप नव्हतं.

रविवारी पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे विचारलं की कुणाला साक्ष द्यायची आहे का. एका बाईंनी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेबद्दल देवाचे आभार मानले, बऱ्याच तपशिलानं. पाळकसाहेबांनी पान उलटलं. मावशीनं नवऱ्याचं कोपर घट्ट धरलं. आणि तिसऱ्या ओळीतून मोठे डॉक्टर उठले, वळले, आणि मंडळीकडे तोंड करून उभे राहिले. गाल भरलेले होते. ओठ कसे छान टेकले होते एकमेकांना! हात खाली होते.

नवी कवळी बसली की नाही, याची खरी परीक्षा खाण्यात नसते, बोलण्यात असते. वरचे पुढचे दात केसभर जरी चुकले, तरी प्रत्येक 'स'ला बारीक शिट्टी वाजते, आणि माणूस जन्मभर केटलीसारखा बोलत राहतो. दीड मिलिमीटर! मावशीचा जीव कानात गोळा झाला. "सोळा वर्षांपूर्वी," मोठे डॉक्टर म्हणाले. स्वच्छ! "समितीसमोर." स्वच्छ, दोन्ही. "मी साफ खोटं सांगितलं." अगदी घंटेसारखं. ती बाकाच्या कडेवर आली, तोंड उघडं टाकून, त्यांच्या ओठांकडे पाहत. "मेण माझ्या हातून तुटलं होतं. दोष माझा होता, आणि शिक्षा बाईंना सोसावी लागली." 'दोष'चा ष, 'शिक्षा'चा श, 'सोसावी'तले लागोपाठ दोन स, एवढ्या खड्ड्यांच्या रस्त्यावरून गाडी पाण्यासारखी गेली. आणखीही काही ते बोलले. तिच्या कानांनी त्यातला एकेक वर्ण निवडून, घासून, उजेडात धरून पाहिला. मग त्यांचा आवाज थांबला, आणि तिच्या लक्षात आलं की सगळी मंडळी चिडीचूप झालीय आणि ओळीच्या ओळी मागे वळून तिच्याकडे पाहताहेत. समितीतले ते तिघंही. शेजारी नवऱ्याचे डोळे डबडबले होते.

"ऐकलंस?" त्यानं विचारलं.

"ऐकलं ना!" मावशी आनंदानं ओरडलीच. "एकदासुद्धा शिट्टी वाजली नाही!"

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. पहिले हसले ते मोठे डॉक्टर, कवळीचे अठ्ठावीसच्या अठ्ठावीस दात दाखवत. मग पाळकसाहेब, मग ते तिघं, मग सगळी मंडळी. पेटीवाल्यानं गोंधळून पुढचं गाणंच सुरू केलं, आणि खालच्या पट्टीतला तो खांबाएवढा आवाज सगळ्यांच्या खालून उठला. मावशी रडत होती की हसत होती ते तिलाही सांगता आलं नसतं. उपासना संपल्यावर कितीतरी लोकांनी तिचा हात हातात घेतला, आणि ती 'हो हो' करत राहिली. रस्त्यावर आल्यावर मात्र ती एकदम थांबली.

"अहो," ती म्हणाली, "ते नक्की काय म्हणाले? मी शब्द ऐकलेच नाहीत."

नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं, चष्मा काढला, पुसला नाही, तसाच हातात धरला, आणि सगळं सांगितलं; मेण कुणाच्या हातून तुटलं, खोटं कोण बोललं, दोष कुणाचा होता. तिनं मान हलवली आणि पुन्हा सांगायला लावलं. तिसऱ्यांदा सांगून झालं तेव्हा ती भर रस्त्यात उभी राहून डोळे पुसत होती, आणि लोक वळसा घालून जात होते.

"आता अजून एकदा," मावशी म्हणाली, "पण जरा सावकाश सांगा."